लव्ह, हेन, हनी आणि मॅम

आमच्या ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात श्रीखंडाचे रिकामे डबे जमतात, तसे ते आपोआप जमतात. टाकवत नाहीत, आणि कधीतरी चहाच्या वेळी एक काढला की मागून दहा अंगावर येतात.

मी घाटकोपरला एका कॉल सेंटरमध्ये ट्रेनर आहे. त्याआधी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. आमच्या मजल्याच्या एका बाजूला इंग्लंडची लाइन आहे. तिथे कुणाच्या घरचा बॉयलर बंद पडला की फोन आमच्याकडे येतो. दुसऱ्या बाजूला अमेरिकेची लाइन, त्यांच्या वॉशिंग मशीन आणि फ्रीजच्या तक्रारी घेणारी. दोघंही इंग्रजीच बोलतात, तेव्हा एकदा शिकवलं की झालं, असं मला सुरुवातीला वाटायचं. पण बाईला हाक कशी मारायची, एवढ्या एका गोष्टीवर या दोन देशांचं काही केल्या जमत नाही. आणि दोघांच्या मधोमध आमच्या मुली हेडफोन लावून बसलेल्या.

* * *

रुपाली परब भांडुपची. वडील पूर्वी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका सोसायटीत सिक्युरिटीला लागले. गाव कुडाळजवळ. मुलगी हुशार, पण घरातून परवानगी मोठ्या मुश्किलीने मिळालेली. फोनवर कसली माणसं बोलतात, असं वडिलांनी तीन वेळा विचारलं होतं, आणि तिने तीन वेळा शपथेवर सांगितलं होतं की सगळी सभ्य माणसं असतात.

तिचा पहिला खरा कॉल यॉर्कशायरच्या एका गृहस्थाचा. तिने नाव सांगितलं, मदत काय करू विचारलं. तो म्हणाला, "ऑल राइट, लव्ह?"

रुपालीने कॉल कट केला आणि वॉशरूममध्ये गेली. मी मागोमाग गेले. वाटलं रडत असेल. पण ती रागाने लाल झाली होती. म्हणाली, राजीनामा कुठे द्यायचा तेवढं सांगा.

मी तिला समजावलं, की तिथे बस ड्रायव्हर लव्ह म्हणतो, दुकानदार म्हणतो, दवाखान्यातली नर्स म्हणते, म्हाताऱ्या बायका तर वाक्यागणिक म्हणतात. आपला भाजीवाला ताई म्हणतो, म्हणून तो काही भाऊबीजेला येत नाही, तसंच. तिने ऐकून घेतलं, तोंड धुतलं आणि जागेवर गेली. अर्ध्या तासाने परत माझ्यासमोर उभी.

"मॅडम, सगळ्यांनाच लव्ह म्हणतात, तर मग बायकोला काय म्हणतात?"

मला माहीत नव्हतं. दर सोमवारी तिकडच्या कंपनीचे मॅनेजर ब्रायन यांच्याशी आमची व्हिडिओ मीटिंग असते. साठीला आलेला, शांत माणूस. मीटिंग संपताना मी त्यांना विचारलं. ते आधी हसले. मग म्हणाले, खरं सांगायचं तर काहीच म्हणत नाही, जिन्याखाली उभा राहून नुसता ओरडतो.

मी ते रुपालीला जाऊन सांगितलं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"म्हणजे आमच्या बाबांसारखंच," म्हणाली, आणि तिने पुढचा कॉल घेतला.

* * *

सतीश घाग आमच्या क्वालिटीचा माणूस. दिवसभर रेकॉर्ड झालेले कॉल ऐकायचे आणि मार्क द्यायचे, हे त्याचं काम. दोन बहिणींच्या पाठीवरचा भाऊ, त्यामुळे फ्लोअरवरच्या सगळ्या मुलींची काळजी आपणच करायची असते असा त्याचा समज. समज वाईट नव्हता.

एकदा तो गंभीर चेहरा करून माझ्याकडे आला. हातात यादी. गेल्या महिन्यात ग्राहकांनी आपल्या मुलींना काय काय म्हटलं, ते त्याने तारीखवार लिहून काढलं होतं. कुणी डक म्हणालं होतं, म्हणजे बदक. स्कॉटलंडच्या तिघांनी हेन म्हटलं, म्हणजे कोंबडी. एका आजोबांनी पेट म्हटलं, म्हणजे पाळीव जनावर. आपण गप्प बसलो तर हे लोक सोकावतील, असं त्याचं म्हणणं.

मी समजावायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला की ब्रायन यांना मेल सकाळीच गेला. त्यातलं एक वाक्य आजही आमच्याकडे पाठ आहे: "आवर फीमेल असोसिएट्स आर बीइंग ॲड्रेस्ड ॲज पोल्ट्री."

ब्रायन यांनी सविस्तर, सभ्य उत्तर पाठवलं. हे सगळे मायेचे शब्द आहेत, आणि मुलींची इतकी काळजी घेणारा माणूस तुमच्याकडे आहे याचा आनंद वाटला, वगैरे. सतीशला ते काही पटलं नाही. यादी त्याने तशीच ठेवली.

पुढच्याच आठवड्यात स्टोक शहरातला एक चिडलेला ग्राहक सीनियर माणसाशीच बोलायचं म्हणून अडून बसला. सतीशने कॉल घेतला. वीस मिनिटं लागली, पण त्याने काम चोख केलं. माणूस खूश झाला आणि फोन ठेवताना प्रेमाने म्हणाला, "टा, डक."

टा म्हणजे थँक्यू, आणि डक त्या भागात पुरुषांनासुद्धा म्हणतात. सतीशने हेडफोन काढून ठेवला. मग त्याने यादी उघडली आणि पहिली ओळ खोडली. कोंबडी राहू दिली.

* * *

नलिनीताई आमच्याकडच्या सगळ्यात वयस्कर. पार्ल्याच्या. उभी हयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून गेली, स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि वर्षभर घरी बसून कंटाळल्या म्हणून आमच्याकडे इंटरव्ह्यूला आल्या. अमेरिकेच्या लाइनवर असतात. त्यांच्यासमोर कुणी आवाज चढवत नाही, अमेरिकाही नाही.

मी एकदा नव्या बॅचला फळ्यावर दोन रकाने करून शिकवत होते. इंग्लंडमध्ये बाईला बर्ड म्हणतात, तीच अमेरिकेत गेली की चिक, म्हणजे पिल्लू होते. इंग्लंडच्या रकान्यात हेन, डक, आणि क्रम्पेट, टार्ट हे तिकडचे पाव-पेस्ट्रीचे प्रकार. अमेरिकेच्या रकान्यात हनी, शुगर, कपकेक, टोमॅटो. यातलं कुठलं लाडाचं, कुठलं जुनं, कुठलं ऐकलं तर कॉल सुपरवायझरकडे द्यायचा, तेही सांगत होते. नलिनीताई मागे बसून ऐकत होत्या.

त्यांनी विचारलं, "पुरुषांचा रकाना कुठाय?"

केला नव्हता. मग सगळ्यांनी मिळून केला. लॅड, ब्लोक, चॅप, ड्यूड, फेलो. नलिनीताईंनी चष्मा पुसला आणि तिन्ही रकाने पुन्हा वाचले.

"म्हणजे बाई एकतर पाळायची, नाहीतर खायची."

 कुणीतरी बाजू सावरायला म्हणालं की पुरुषांना स्टड पण म्हणतात, म्हणजे घोडाच की. नलिनीताई म्हणाल्या, "हो, पण तो धावतो. त्याला शिजवत नाहीत."

सगळे हसले. रुपाली माझ्या मदतीला त्या बॅचमध्ये बसायची. ती हसली नाही. म्हणाली, "आमच्या नाक्यावरची पोरं रोज पाखरू म्हणतात. ती कुठे इंग्लंडला गेली होती?"

* * *

पण नलिनीताईंचीही एकदा विकेट पडली.

टेक्सासहून एका माणसाचा फोन होता, वॉशिंग मशीन बंद पडलेलं. टेक्निशियन आला तर घरी कोण असेल, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "माय ओल्ड लेडी." नलिनीताईंना वाटलं, आई असणार. आपल्याकडे म्हातारी म्हणजे आईच. त्यांनी आपुलकीने विचारलं, एकट्या असतात का दिवसभर. तो हो म्हणाला. ऐकू नीट येतं का. तो हसून म्हणाला, माझं तर कधीच ऐकत नाही. नलिनीताईंना कणव आली. त्यांनी सीनियर सिटिझन म्हणून अर्जंट नंबर लावला आणि खाली सूचना लिहिली: दारात थोडा वेळ थांबावे, हळू चालतात, मोठ्याने बोलावे.

दुसऱ्या दिवशी टेक्निशियनने बेल वाजवली, थांबला, आणि दार उघडल्यावर समोरच्या बाईशी एकेक शब्द सावकाश आणि ओरडून बोलला. बाई छत्तीस वर्षांची. व्यायामशाळेत शिकवणारी. फोन केलेल्या माणसाची बायको.

तिचा फोन नेमका नलिनीताईंकडेच आला. मला म्हातारी कुणी ठरवलं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. नलिनीताईंनी आयुष्यात कधी कॉल लपवला नाही. त्यांनी सरळ सांगितलं की तुमच्या मिस्टरांनी, आणि ते नेमके काय शब्द बोलले तेही वाचून दाखवलं.  मग त्या बाईने शांतपणे विनंती केली की पुढच्या खेपेला टेक्निशियन पाठवाल तेव्हा नोंद बदला. घरी मिस्टर असतील. त्यांना नीट ऐकू येणार नाहीये.

* * *

प्राची मुलुंडची. अमेरिकेच्या लाइनवर, नलिनीताईंच्या शेजारी. घरात लग्नाचं बघत होते. वडिलांनी वेबसाइटवर तिची माहिती भरली, त्यात आपल्याकडे सगळेच लिहितात तसं लिहिलं, 'होमली'.

न्यू जर्सीच्या एका मुलाचं स्थळ आलं. मराठीच घर, पण पोरगा तिथेच जन्मलेला. दोघांचं मेसेजवर बोलणं सुरू झालं. चौथ्या दिवशी त्याने बिचकत लिहिलं, की तुझ्या वडिलांनी तुझ्याबद्दल असं का लिहिलंय कळत नाही, मला तर तू अजिबात होमली वाटत नाहीस.

मेसेज आईने वाचला, आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. चार दिवसांत याला कसं कळलं की आमच्या मुलीला घरकामाची आवड नाही? नक्की कुणीतरी जाऊन सांगितलं. संशय दोन आत्यांवर गेला.

प्राचीने मला घरी बोलावलं. मी पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांना सांगितलं की अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला बेताची. तो बिचारा तुमच्या मुलीला सुंदर म्हणतोय. आई खुलली. वडिलांचा मात्र चेहरा उतरला, कारण आपण मुलीबद्दल काय छापलंय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचे मोठे भाऊ तिथे होते, चाळीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार केलेले. ते म्हणाले की छे, इंग्लंडमध्ये होमली म्हणजे घरगुती, उबदार, चांगलाच शब्द आहे. मग मुलगा अमेरिकेचा आणि डिक्शनरी इंग्लंडची यावर दोन भावांचं जुंपलं.

प्राची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "तो मुलगा कुठल्याच डिक्शनरीत खोटा पडायला नको म्हणून सांगते. पोहे आईने केलेत."

शेवटी तिने त्या मुलाला स्वतःच सगळं कळवलं. होमलीचे तिन्ही अर्थ, आत्यांवरचा संशय, काकांची डिक्शनरी. तो म्हणे इतका हसला की त्याच्या आईला वाटलं घास अडकला. दोघं अजून बोलतात. पुढचं मी विचारत नाही.

* * *

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही, पण ती सांगितल्याशिवाय हे सगळं अर्धवट राहील.

रुपालीला लागून आठ-नऊ महिने झाले होते. एक माणूस तिला फोन करायचा. बॉयलर धडधाकट, पण फोन चालू. दुसऱ्या कुणाला लाइन लागली की कट करायचा, रुपाली मिळेपर्यंत. प्रत्येक वाक्यात लव्ह. आधी थँक्यू लव्ह. मग तुझा आवाज छान आहे लव्ह. मग केस लांब आहेत का, घालतेस काय, बसतेस कुठे.

तिने कुणालाच सांगितलं नाही. नलिनीताईंच्या लक्षात आलं ते डब्यामुळे. आईने दिलेलं बांगड्याचं तिखलं रुपाली उघडायचीसुद्धा नाही, डबा भरलेलाच घरी जायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला कँटीनमध्ये समोर बसवलं आणि काय ते सांग म्हणाल्या. मग हाताला धरून माझ्याकडे घेऊन आल्या.

मी विचारलं की आधी का नाही सांगितलंस गं.

"तुम्हीच म्हणाला होतात ना मॅडम, सगळ्यांनाच म्हणतात म्हणून. मला वाटलं, मलाच इंग्लिश कळत नाही."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. म्हणूनच लागलं. मी तिला शब्दाचा अर्थ शिकवला होता, पण तो केव्हा बदलतो हे शिकवायचं राहूनच गेलं होतं.

सतीशने दोन दिवस जागचं न हलता त्या माणसाचे सगळे कॉल शोधले, ऐकले, शब्द न् शब्द उतरवला आणि तिकडे पाठवला. या वेळी त्याच्या मेलला कुणी हसलं नाही. त्या माणसाचा नंबर बंद झाला, त्याला कंपनीकडून पत्र गेलं. आणि सोमवारच्या मीटिंगला ब्रायन यांनी रुपालीलाही बसवायला सांगितलं. ते पाच मिनिटं बोलले, माफी मागितली, असं पुन्हा झालं तर थेट मला कळव म्हणाले. स्वतः यॉर्कशायरचा माणूस, जिभेवर लव्ह असणारच. पण त्या पाच मिनिटांत त्यांनी तो शब्द एकदाही येऊ दिला नाही. शेवटपर्यंत मिस परब म्हणाले.

आता या शब्दांचा तास घेताना मी फळ्याला हात लावायच्या आधी सांगते. शब्द कुठलाही असो, ऐकून नकोसा वाटला तर कॉल माझ्याकडे द्या. डिक्शनरी आपण नंतर बघू.

* * *

इंग्लंडमध्ये थंडी कडक पडली की बॉयलरचे फोन इतके वाढतात की अमेरिकेच्या लाइनवरची माणसं तिकडे बसवावी लागतात. मागच्या थंडीत प्राचीला पंधरा दिवस बसवलं. जाण्याआधी मी तिला बजावलं होतं, की तिकडे मॅडम म्हण, मॅम नको. अमेरिकेत मॅम म्हटल्याशिवाय पान हलत नाही, पण इंग्लंडच्या ईशान्येला आपण उच्चारतो तसं मॅम म्हणजे चक्क आई.

पण तीन वर्षांची सवय. पहिल्याच दुपारी एका आजींचा फोन आला. समुद्रकाठच्या कुठल्याशा गावातल्या, एकट्या राहणाऱ्या. रात्रीपासून घर गार पडलेलं. प्राची त्यांना एकेक पायरी सांगायला लागली. येस मॅम, आता डावीकडचं बटण मॅम, घाई करू नका मॅम, मी आहे मॅम.

पाच-सहा वेळा झाल्यावर पलीकडून आवाजच येईना. प्राचीला वाटलं लाइन तुटली. तिने विचारलं, "आर यू देअर, मॅम?"

आजी हळूच म्हणाल्या की मला असं कुणी म्हटल्याला खूप वर्षं झाली.

तेव्हा प्राचीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने घाईघाईने माफी मागितली, माझी चूक झाली, आता मॅडम म्हणते.

"डोन्ट यू डेअर," आजी म्हणाल्या.

मग बॉयलर सुरू होईपर्यंत, म्हणजे जवळपास चाळीस मिनिटं, प्राची त्यांना मॅमच म्हणत राहिली. मध्ये त्या आपल्या मुलाबद्दल बोलल्या. पीटर नाव. बोटीवर असायचा. एवढंच सांगितलं, आणि प्राचीने पुढचं विचारलं नाही. रेडिएटर तापायला लागला तसा त्यांनी त्यावर हात ठेवला आणि आली गं, ऊब आली, असं काहीतरी म्हणाल्या.

हे सगळं मला रेकॉर्डिंगमुळे माहीत. दुसऱ्या दिवशी सतीश लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो, ग्राहकाला योग्य संबोधन वापरले का. नियमाने तिथे शून्य द्यायला हवं होतं. तो रकाना रिकामा ठेवून तो मला म्हणाला, आधी शेवट ऐक. एक हेडफोन त्याने घेतला, एक मला दिला.

शेवटी आम्ही सगळ्यांना विचारतो तसं प्राचीने विचारलं, की अजून काही मदत करू का. आजी म्हणाल्या, काही नाही, पण ठेवताना नीट निरोप घेऊन ठेव.

 नेहमीचं हॅव अ नाइस डे प्राचीच्या तोंडातून निघालंच नाही. आपण घरातून बाहेर पडताना म्हणतो ना, तेच मराठीत निघालं.

"येते हं, मॅम."

आजींनी विचारलं, येते म्हणजे काय. प्राचीने जसं जमलं तसं इंग्रजीत सांगितलं, की येते म्हणजे मी येतेय.

 मग आजी म्हणाल्या,

"बरं. मी दाराला कडी लावत नाही."